टीपी स्कीमचं वांधा-सूचन: फी नाही, पण मोजपट्टी घेऊन जा

सेवा: नगररचना योजनेच्या, म्हणजे टीपी स्कीमच्या मुसद्द्यावर वांधा-सूचन देणं. महाराष्ट्रात याला मसुद्यावरच्या हरकती-सूचना म्हणतात. ठिकाण: बडोदे. शहराच्या हद्दीत महानगरपालिका, जिला जुनी मंडळी अजून सेवासदनच म्हणतात, हद्दीबाहेर वुडा, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरण. फी: काही नाही. मुदत: मुसद्दा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना. आमचा शेरा: पाचात साडेतीन.

आधी सेवेचा पाया काय आहे ते बघू, कारण तोच मजबूत आहे. गुजरातचा १९७६चा नगररचना आणि शहरी विकास कायदा सगळ्यांच्या जमिनी एका हिशेबात आणतो, रस्ते-बागा-शाळांची जागा बाजूला काढतो आणि उरलेली जमीन चौकोनी करून, रस्त्याला लावून, ज्याची त्याला परत देतो. मूळ तुकडा तो ओपी, परत आलेला तो एफपी, मधे गेली ती कपात. कलम ४० मध्ये कपातीचं मापच दिलंय: रस्त्यांना १५ टक्के, बागा, मैदानं, मोकळी जागा ५, शाळा, दवाखाना, अग्निशमन वगैरे ५, आणि विक्रीसाठी १५, ज्याच्या पैशातून योजनेतली कामं व्हायची. बेरीज ४०. शिवाय दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्के किंवा त्याच्या आसपास जागा राखायची. योजनेच्या स्वरूपाप्रमाणे आकडे मागेपुढे होतात, पण शहरात कोणत्याही जमीन दलालाला विचारा, ‘चाळीस टका कपात’ त्याच्या तोंडात तयार असते.

रस्ता ज्याच्या शेतातून गेला तो बुडाला आणि ज्याच्या बांधाला लागला तो तरला, असं यात होत नाही. सगळ्यांच्या ताटातला घास सारखाच कमी होतो. म्हणूनच ‘आमच्या वस्तीला हे हवं, ते नको’ असं म्हणताना एक गोष्ट आधी कबूल करावी लागते: या नकाशात रिकामी जागा नसते. तुम्ही मागितलेला प्रत्येक चौरस मीटर कोणाच्या तरी एफपीतून किंवा विक्रीच्या प्लॉटातून येतो. वांधा लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे माहीत नसतं, आणि बहुतेक वांधे तिथेच पडतात.

पाचातला दीड कुठे गेला? सर्वात जास्त गुण वेळापत्रकात गेले. आधी योजना करण्याचा इरादा जाहीर होतो (कलम ४१), मग मापणी, मग जमीनमालकांची सभा, ज्यात कच्ची आखणी भिंतीवर लावून समजावतात. त्यानंतर मुसद्दा प्रसिद्ध, एक महिना वांधे, मग राज्य सरकारची मंजुरी. मुसद्दा मंजूर झाला की कलम ४८-अ प्रमाणे रस्त्यांसारख्या कामांची जमीन प्राधिकरणाकडे जाते. पुढे टीपीओ, म्हणजे नगररचना अधिकारी, नेमला जातो. तो योजनेचे प्रारंभिक आणि अंतिम असे दोन भाग करतो आणि मालकांना एकेक करून ऐकतो. आखणी खरोखर लवचीक असते ती मालकांच्या सभेपासून त्या महिन्याच्या शेवटापर्यंत. आणि सभेचं बोलावणं जातं फक्त मालकांना. योजनेच्या हद्दीला खेटून उभी असलेली तीस वर्षांची सोसायटी, जिच्या फाटकासमोरून नवा रस्ता निघणार असतो, तिला कोणी बोलवत नाही. भाडेकरू, दुकानदार तर लांबच राहिले. लोक जागे होतात ते टीपीओच्या सुनावणीला. तिथे तुमच्या एफपीचा आकार, जागा, किंमत यावर बोलता येतं. रस्ता बहुधा आखून झालेला असतो.

पण कलम ४७ नीट वाचा. महिन्याभरात लेखी वांधा द्यायचा हक्क योजनेची झळ पोचणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला आहे. सातबारावर नाव असण्याची अट तिथे नाही. शेजारच्या सोसायटीने, भाड्याच्या गाळेवाल्याने हा हक्क वापरावा. फारच कमी जण वापरतात.

आता बडोद्यातल्या सर्वात लाडक्या मागणीकडे येऊ: ‘कांस बंद करा, पाइप टाका, वर रस्ता करा.’ कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा उघडा नाला. मागणी समजण्यासारखी आहे. उघड्या कांसेचा वास येतो, डास होतात, पावसाळ्यात साप निघतात, आणि विश्वामित्री नदीच्या जवळ राहणाऱ्याला मगरीचं वेगळं सांगायला नको. पण कांस गावाची असते, सोसायटीची नव्हे. वरच्या अंगाचं पाणी तुमच्या मागच्या भिंतीपाशी दोन मिनिटं दिसतं आणि पुढे जातं. ते कुठून आलं हे तुम्हाला टीपीच्या नकाशात दिसणारच नाही, कारण तो नकाशा हद्दीपाशी संपतो.

साधा हिशेब करून बघा. कांसेला वरून ५० हेक्टरचं पाणी मिळतं असं धरा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या जमिनीवर २५,००० घनमीटर पाणी पडतं. छपरं, डांबर, फरसबंदी धरून त्यातलं ६० टक्के वाहून आलं तर १५,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ४.२ घनमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला तर २.८ चौरस मीटरचा छेद लागतो: २ मीटर रुंद, १.४ मीटर खोल कांस. आता ९०० मिलिमीटरचा पाइप घ्या. त्याचा छेद ०.६४ चौरस मीटर. त्याच वेगाने सेकंदाला एक घनमीटरही वाहत नाही. चार पाइप शेजारी शेजारी टाकले तरी पाणी उरतं, पाचवा लागतो. आणि हे पाइप गाळाने भरलेले नसताना. उघड्या कांसेत जेसीबी उतरतो आणि दिवसात गाळ काढतो. बंद पाइपात प्लास्टिकच्या पिशव्या, देवाचं निर्माल्य, बांधकामाचा राडा एकदा अडकला की चेंबर जवळजवळ नसतील तर तो कुठे अडकलाय हेच कळत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी रस्त्यावर येतं, आणि येतं ते तुमच्याकडे नव्हे, तुमच्या वरच्या सोसायटीत.

नदी चढली की आणखी एक भानगड होते. नदीवरच्या काळा घोडा पुलापाशी पाणी एका पातळीच्या वर गेलं की कांसेचं तोंड नदीच्या पाण्याखाली जातं आणि पाणी उलटं वस्तीत शिरतं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. सामा, अकोटा, वडसर या भागांनी तेव्हा जे पाहिलं ते पाइप टाकून टळलं नसतं. उलट, पाणी थांबायला जेवढी उघडी जागा खालच्या बाजूला असते तेवढा वेळ मिळतो.

मग वस्तीने काय मागावं? कांस राहू द्या, पण तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी ठेवा, एका बाजूला मशीन चालेल एवढी, साधारण ४ मीटरची. बागेची ५ टक्क्यांतली जागा कांसेला लावून द्या, म्हणजे बाग पावसाळ्यात चार तास पाणी धरेल आणि उरलेले महिने मुलं खेळतील. वस्तीच्या सांडपाण्याची गटारं कांसेला जोडू नका, वास तिथून येतो. शेवटची मागणी सर्वात कामाची आणि सर्वात कमी लिहिली जाणारी. पावसाचं पाणी वास मारत नाही.

बागेचं गणितही असंच बघायचं. १०० हेक्टरच्या योजनेत ५ टक्के म्हणजे ५०,००० चौरस मीटर. सोसायटी म्हणते, आमच्याजवळ २,००० चौरस मीटरची बाग वाढवा. हे ०.२ टक्के झाले. सगळ्या मालकांत वाटले तर ज्याची १०,००० चौरस मीटर जमीन होती त्याचे आणखी २० चौरस मीटर जातात, तो भांडतो. विक्रीच्या प्लॉटातून काढले आणि तिथला दर ३०,००० रुपये धरला तर योजनेच्या तिजोरीतले ६ कोटी गेले, म्हणजे कुठल्या तरी रस्त्याचं काम रखडलं. अर्ज अशा वेळी ‘नियमानुसार जागा दिली आहे’ या एका ओळीने निकालात निघतो.

याच अर्जात शब्द बदला: ‘अमुक एफपी नंबरची बाग आणि तमुक एफपी नंबरचा विक्रीचा प्लॉट यांची अदलाबदल करावी, क्षेत्रफळ तेवढंच राहील.’ आता कोणाचा एक चौरस मीटरही गेला नाही. बागा पुष्कळदा योजनेच्या कोपऱ्यात, तिरक्या तुकड्यात पडतात, कारण चौकोनी प्लॉट विकायला बरे. ही अदलाबदल मागायला हरकत नाही, आणि आकडे जुळत असतील तर ती नाकारायला समोरच्याला कारण लिहावं लागतं. आमच्या मते या खिडकीचा खरा उपयोग हाच: क्षेत्रफळ वाढवून मागू नका, जागा हलवून मागा.

रस्त्याच्या रुंदीबद्दल थोडं. ‘१८ मीटरचा १२ करा’ ही मागणी ७०० मीटर लांबीला ४,२०० चौरस मीटर मोकळे करते, एकरापेक्षा जरा जास्तच. ऐकायला गोड. पण गुजरातच्या विकास नियमावलीत इमारतीची उंची आणि वापर रस्त्याच्या रुंदीला बांधलेले आहेत. आज रस्ता अरुंद करून घेतलेली सोसायटी वीस वर्षांनी पुनर्बांधणीला गेली की मजले मिळत नाहीत म्हणून हळहळते. शिवाय बस आणि अग्निशमनची गाडी. उलट, विकास आराखड्यातला म्हणजे डीपीतला रस्ता असेल तर टीपीत त्याच्यावर वांधा घेऊन वेळ घालवू नये. तो टीपीत सहसा हलत नाही. त्याची जागा डीपीच्या मसुद्यावरची दोन महिन्यांची मुदत, आणि डीपी दहा वर्षांतून एकदा तरी नव्याने बघावा असं कायदा सांगतो. दोन खिडक्यांची गल्लत ही दुसरी मोठी चूक.

जुन्या गावाचं निराळं. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी इथल्या गल्ल्यांना टीपीचा चौकोन बसत नाही आणि बसवूही नये. पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली महाराजांना बडोद्याच्या वाढीबद्दल अहवाल दिला; जुन्या वस्तीतून सरळसोट रस्ता कापण्यापेक्षा इथे एक पडकं घर, तिथे एक कोपरा मोकळा करावा, हा त्यांचा सगळीकडचाच आग्रह होता. तो विषय इथे वाढवत नाही.

एफ फॉर्म. हा सेवेतला सर्वात उपयोगी कागद आणि सर्वात न वाचला जाणारा. ओपी नंबर, क्षेत्रफळ, अविकसित किंमत, एफपी नंबर, क्षेत्रफळ, विकसित किंमत, वाढ, वाढीवरचं योगदान आणि शेवटी द्यायचे-घ्यायचे पैसे, असा एका ओळीत एका मालकाचा हिशेब. उदाहरण घ्या. ओपी १०,००० चौरस मीटर, अविकसित दर २,०००: किंमत २ कोटी. एफपी ६,०००, त्याच दराने १ कोटी २० लाख. फरक ८० लाख, ही मालकाची भरपाई. रस्ते-गटारं झाल्यावर दर ५,००० धरला तर एफपीची किंमत ३ कोटी. वाढ १ कोटी ८० लाख. योगदान वाढीच्या निम्म्याहून जास्त घेता येत नाही. पूर्ण निम्मं घेतलं तर ९० लाख. त्यातून ८० वजा, मालकाने भरायचे १० लाख.

सोसायटीला याचं काय? योगदानाला निम्म्याची कमाल मर्यादा आहे. वस्तीने पेव्हर, कारंजी, सजावटीचे दिवे, झाकलेली कांस असं मागत जावं आणि योजनेचा खर्च फुगावा, तर मालकांकडून एका मर्यादेपलीकडे येत नाही. वरचं प्राधिकरणाच्या खिशातून जातं. म्हणजे कारेलीबागच्या कारंज्याचे पैसे मकरपुऱ्याचा करदाता भरतो. एफ फॉर्म आणि सोबतचा योजनेच्या खर्चाचा तक्ता शेजारी ठेवून बघितला तर आपली मागणी कोणाच्या अंगावर पडते ते दहा मिनिटांत कळतं.

दुर्बल घटकांच्या घरांच्या जागेबद्दल ‘आमच्याजवळ नको’ असे वांधे नेहमी येतात. त्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. जागा राखायची हे कायदाच सांगतो. एवढंच बघा की ती जागा कांसेच्या खोलगट बाजूला ढकलली जात नाही ना. सभ्य भाषेतल्या वांध्यांमुळे ती तिकडे सरकते, आणि पुरात सर्वात आधी तीच घरं बुडतात.

आता अर्ज कसा लिहायचा. नोटीस गुजरातीत असते, अर्जही गुजरातीत द्या, आणि नोटिशीतले शब्द जसेच्या तसे वापरा: मुसद्दारूप योजना, मूळ खंड, अंतिम खंड. आपल्या घरची मराठी कितीही गोड असली तरी टेबलावरच्या माणसाला फाइलीत शब्द जुळायला हवेत. आधी पार्ट प्लॅन, म्हणजे योजनेचा आपल्या भागापुरता नकाशा, मिळवा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नकाशाच्या फोटोवरून अंतरं मोजू नका, फोटो तिरका असला की १२ मीटरचा रस्ता १५ दिसतो. नकाशात मूळ प्लॉटची हद्द सहसा हिरव्या रेषेत आणि अंतिम प्लॉटची लाल रेषेत असते. दोन्ही एकमेकांवर असल्याने पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसता गुंता दिसतो. पारदर्शक कागदावर फक्त लाल रेषा गिरवा, मग उलगडतं.

एका अर्जात एकच मुद्दा. योजनेचा क्रमांक, एफपी नंबर, आज काय दाखवलंय, काय हवं, आणि ते क्षेत्रफळ कुठून येणार, एवढं एका पानात. सोबत पार्ट प्लॅनची प्रत, त्यावर लाल पेनाने खूण. मालक असाल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड जोडा आणि त्यावरचं क्षेत्रफळ मापणीच्या क्षेत्रफळाशी ताडून बघा. दोन्हींत फरक निघाला तर तो वांधा सगळ्यात आधी द्या, कारण कपात कोणत्या आकड्यावर लागणार ते त्यावर ठरतं. ताजा सातबारा मामलतदार कचेरीतल्या ई-धारा केंद्रात मिळतो.

दोनशे सह्यांचा एक छापील अर्ज आणि दोनशे झेरॉक्स अर्ज यांची किंमत साधारण सारखीच: मुद्दा एकच, उत्तरही एकच. त्यापेक्षा सात-आठ जणांनी वेगवेगळ्या जागी मोजून वेगवेगळे मुद्दे द्यावेत. एकाने फाटकासमोरच्या वळणाची त्रिज्या मोजावी, एकाने कांसेच्या तळाची आणि रस्त्याची उंची, एकाने सकाळी आठला शाळेच्या बसा कुठे वळतात ते. सोसायटीच्या चेअरमननी एक ठराव करून सोबत लावला तर बरं, पण ठराव म्हणजे वांधा नव्हे. आणि सोसायटीचा कॉमन प्लॉट वेगळा, टीपीतली बाग वेगळी. अर्जात दोन्हींची सरमिसळ झाली तर तुमचीच मोकळी जागा बागेत मोजून घ्या असं उत्तर ऐकावं लागेल.

सेवेतली शेवटची उणीव उत्तराची. वांध्यावर विचार करणं बंधनकारक आहे, पण तुमच्या अर्जाचं काय झालं ते घरी कळवण्याची सोय ढिली. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका; नुसत्या सहीवर भागवू नका. टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टाने, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्याआधी. योजना सरकारकडे गेली की त्याच आवक नंबरावर माहिती अधिकारात मागा: वांध्यांचा तक्ता आणि प्रत्येकासमोरचा अभिप्राय. त्यात ‘ग्राह्य’, ‘अंशतः ग्राह्य’, ‘अग्राह्य’ यांपैकी काय लिहिलंय आणि पुढे कारण किती ओळींचं आहे ते बघा. टीपीओच्या सुनावणीला जाताना तोच कागद वर ठेवा, सातबारा त्याच्याखाली.